सुटे भाग बदलले, तरी इंजिन का तापते?

तापीच्या खोऱ्यातील उन्हाळा हा खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. एप्रिलच्या मध्यापासून जळगाव आणि भुसावळ परिसरातील पारा ४५ अंशांकडे झेपावू लागतो आणि मे महिन्यात तो त्याही पुढे जातो. नेमक्या याच दिवसांत ग्रामीण भागातील वाहनांवर सर्वाधिक काम पडते. टंचाईग्रस्त वाड्यावस्त्यांना पाणी पोहोचविणारे टँकर, केळीची वाहतूक करणारे ट्रक, नांगरटीचे ट्रॅक्टर, क्षेत्रीय अधिकाऱ्यांच्या जीपगाड्या ही सर्व वाहने उन्हाच्या भरात धावत असतात आणि 'इंजिन तापते' ही तक्रार गावोगावच्या गॅरेजमधून ऐकू येऊ लागते.

या तक्रारीचा एक प्रकार मात्र विशेष चिंतेचा आहे. वाहन तापले म्हणून ते दुरुस्तीस नेले, वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट नवा बसविला, होजपाइप बदलले, कधी रेडिएटरही नवा आणला, देयक चुकते झाले. आणि दुसऱ्याच दिवशी पाण्याचा काटा पुन्हा तांबड्या पट्ट्यात गेला. ग्रामपंचायतीच्या मालकीचा टँकर असेल तर दुहेरी नुकसान होते. खर्च झालेला असतो आणि वस्तीचे पाणी मात्र थांबते. अशा वेळी आणखी एक भाग, मग आणखी एक भाग, असा बदलण्याचा क्रम सुरू होतो. तो कसा टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दुरुस्ती मेकॅनिकनेच करावयाची आहे. परंतु वाहनाचा खर्च मंजूर करणाऱ्या पंचायत सदस्याला आणि अधिकाऱ्याला त्याला काय विचारावे हे कळणे अगत्याचे आहे. शिक्षकांना तर यात उष्णतेच्या पाठासाठी लागणारी बहुतेक सर्व सामग्री आयती मिळेल.

उष्णतेचा जमाखर्च

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच इंजिनाच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला, तर ती शक्ती सुमारे २६ किलोवॅट भरते. म्हणजे पूर्ण ताकदीने काम करताना जवळजवळ तितकीच उष्णता पाण्यावाटे बाहेर काढणे आवश्यक ठरते. ही उष्णता दर मिनिटाला सुमारे ३७० किलोकॅलरी होते. रेडिएटरमधून जाताना पाणी ६ अंशांनी निवते असे धरले, तर पंपाला मिनिटाला ६० लिटरांहून अधिक पाणी फिरवावे लागते. ज्या यंत्रणेत एकूण पाणी दहा-बारा लिटरच मावते, तिच्यातील सर्व पाणी मिनिटातून पाच-सहा वेळा फेरी मारते. या फेरीत कोठेही अडथळा आला की काही मिनिटांतच त्याचे फळ दिसू लागते.

अगदी प्रारंभीच्या मोटारींत ही फेरी नव्हती; पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि चालक वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरी. जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख याच्या आराखड्यानुसार तयार होऊन १९०१ साली रस्त्यावर आलेल्या मर्सिडीज मोटारीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविण्यात आला आणि थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड राखता येऊ लागले. आजचा रेडिएटर तत्त्वतः तोच आहे.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे केवळ त्याच्या आकारावर अवलंबून नसते. आतील पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील अंतरावर ते अवलंबून असते. येथेच खानदेशच्या उन्हाळ्याचा संबंध येतो. एका वाहनाचा रेडिएटर स्वच्छ आहे आणि विशिष्ट ओझे ओढताना त्याला हवेपेक्षा ४५ अंशांचे अंतर पुरते, असे समजू. मे महिन्याच्या दुपारी हवा ४५ अंश असेल, तर पाणी ९० अंशांवर स्थिर राहील. काहीच बिघडणार नाही. आता त्याच रेडिएटरच्या चौथ्या हिश्श्याच्या नळ्या क्षारांनी बुजल्या, तर तितकीच उष्णता टाकण्यास ६० अंशांचे अंतर लागेल. डिसेंबरात हवा २५ अंश असताना पाणी ८५ अंशांवर राहते आणि चालकाला शंकाही येत नाही. मे महिन्यात मात्र तेच पाणी १०५ अंशांवर जाते. रेडिएटर मे महिन्यात बिघडला नाही. तो हिवाळ्यातही बिघडलेलाच होता, हवा थंड असल्याने ते झाकले गेले, एवढेच.

म्हणूनच डिसेंबरात पंप बदलून गाडी ठीक झाल्याचा निर्वाळा मिळाला असेल, तर तो मे महिन्यासाठी ग्राह्य धरता येत नाही.

गाडी केव्हा तापते?

मेकॅनिकने पाना हाती घेण्यापूर्वी चालकाला हा एकच प्रश्न नीट विचारावयास हवा. उत्तर जितके नेमके, तितका पुढचा खर्च कमी.

थांबलेली असताना किंवा रांगेत हळूहळू सरकताना गाडी तापते, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच काटा खाली येतो, असे असेल तर दोष बहुधा हवेच्या बाजूचा असतो. जळगाव शहराला लागून असलेले आणि आता महानगरपालिकेच्या हद्दीत आलेले पिंप्राळा या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. तेथील रेल्वे फाटकाशी वाहनांच्या रांगा लागत आणि उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीतून वाफ निघू लागे. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो तेव्हाही गर्दीमागून गाड्या पावलापावलाने सरकतात. वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटरमधून आपसूक जातो. थांबल्यावर सर्व भिस्त पंख्यावर असते. पंख्याचा पट्टा सैल असेल, विजेवर चालणारा पंखा उशिरा सुरू होत असेल किंवा उलट फिरत असेल, अथवा पंख्याभोवतीचे गोल कडे दुरुस्तीच्या वेळी काढून पुन्हा बसविलेच नसेल, तर गाडी थांबताच तापते. हे कडे म्हणजे निरुपयोगी पत्रा किंवा प्लॅस्टिक, असा समज फार प्रचलित आहे. वस्तुतः त्याच्यामुळेच पंखा रेडिएटरमधून हवा ओढतो. ते नसेल तर तो आजूबाजूची तीच गरम हवा घुसळत राहतो. रेडिएटर बदलल्यानंतर गाडी तापू लागली, तर सर्वप्रथम हे कडे जागेवर आहे की नाही ते पाहावे.

याच्या उलट, रिकामी गाडी ठीक चालते; पण भरलेला टँकर ओढताना, घाट चढताना किंवा वेगात असताना तापते, असे असेल तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे किंवा रेडिएटरच्या नळ्या बुजल्या आहेत, असे समजावयास हरकत नाही. खालचा होजपाइप येथे विशेष तपासावा. पंप त्याच्यातून पाणी ओढतो. पाइप मऊ पडला असेल किंवा त्याच्या आतील तारेची स्प्रिंग जुन्या पाइपाबरोबर फेकून दिली गेली असेल, तर इंजिनाचा वेग वाढताच तो चिमटून बंद होतो. वेग उतरला की पुन्हा फुगून पूर्ववत दिसतो. म्हणून तो इंजिनाचा वेग वाढवून पाहावा लागतो. पाहताना हात व कपडे पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवावेत.

ट्रॅक्टरला ही विभागणी तंतोतंत लागू होत नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. ट्रॅक्टर संथ चालतो पण पूर्ण ताकद लावतो. त्याला समोरच्या वाऱ्याचा लाभ जवळजवळ मिळतच नाही. मळणी यंत्र चालविताना तर तो जागेवर उभा राहून भुशाच्या ढगात काम करतो. त्याच्या बाबतीत हवेची आणि पाण्याची अशा दोन्ही बाजू एकदमच तपासाव्या लागतात.

थंड इंजिन सुरू केल्यापासून अगदी थोड्या मिनिटांत काटा चढला, तर मात्र रेडिएटरला दोष देऊ नये. यंत्रणेत हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट उघडत नाही, किंवा हेड गॅसकेट फुटले आहे, या तिहींपैकी एक कारण बहुधा असते. आणि काटा तांबड्यात असूनही होजपाइप कोमटच लागत असतील, तर काटा किंवा त्याचा सेन्सर तपासावा. सेन्सरच्या टोकाभोवती पाण्याऐवजी हवा किंवा वाफ असली तरीही आकडा चुकतो.

अडकलेली हवा

भाग बदलल्यानंतर लगेच तापणाऱ्या वाहनांच्या बाबतीत पहिला संशय हवेवर घ्यावा, असे माझे मत आहे. याचे कारण साधे आहे. कोणताही भाग बदलावयाचा तर पाणी काढावे लागते, आणि पाणी काढले की तेथे हवा शिरते. नवे पाणी घाईने ओतले तर ही हवा इंजिनाच्या डोक्यात, थर्मोस्टॅटच्या खाली किंवा उंचावरून गेलेल्या पाइपात कोंडते. वरून पाहिल्यास रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो. प्रत्यक्षात दोन-तीन लिटर पाणी कमी असते. पंपात हवा आली तर तो पाणी फिरवीत नाही, आणि थर्मोस्टॅटभोवती हवा राहिली तर त्याला उष्णता न पोहोचल्याने तो उघडतच नाही. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. विहिरीवरील पंपाच्या पाइपात हवा धरली की मोटार फिरते पण पाणी येत नाही, हे त्याने अनेकदा अनुभवलेले असते.

हवा काढण्याची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचे तोंड चढावर येईल अशी ती उभी करावी, म्हणजे भरण्याचे तोंड सर्वांत उंच राहील. हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा; त्यातून बुडबुड्यांविना सलग धार येऊ लागली की तो घट्ट करावा. पाणी बारीक धारेने, थांबत थांबत भरावे. नंतर झाकण न लावता इंजिन संथ चालू ठेवावे, आणि या काळात भरण्याच्या तोंडावर वाकू नये. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होजपाइप अल्पावधीत गरम होतो आणि पाण्याची पातळी एकाएकी खाली जाते. तेवढे पाणी पुन्हा भरून झाकण लावावे. काही नव्या वाहनांत भरण्याचे तोंड रेडिएटरवर नसून वेगळ्या टाकीवर असते. तेथे उत्पादकाच्या पुस्तिकेतील क्रमच पाळावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहणे आवश्यक आहे, आणि हेच नेमके बहुतेक ठिकाणी राहून जाते.

नवा भाग म्हणजे बरोबर भाग नव्हे

थर्मोस्टॅट ही मेणावर चालणारी झडप आहे. धातूच्या लहान कुपीत विशिष्ट मेण भरलेले असते. ते ठरावीक तापमानाला वितळून फुगते आणि झडप उघडते. पुष्कळ इंजिनांत हे तापमान ८२ अंशांच्या आसपास असते. मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला यावयास हवी. ती उलट बसली, तर गरम पाणी तिच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. तबकडीवरील बारीक छिद्र किंवा लोंबती कडी हवा सुटण्यासाठी ठेवलेली असते. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर ती वरच्या अंगाला आली पाहिजे.

नवा थर्मोस्टॅट बसविण्यापूर्वी तपासण्यास पाच मिनिटे लागतात. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगावा, तापमापी धरावी आणि पाणी तापवावे. कुपीवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे, आणि पाणी निवताना बंद झाली पाहिजे. जवळच्या गॅरेजमधून एखादा जुना थर्मोस्टॅट आणून शिक्षकांनी हा प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात अवश्य करून दाखवावा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० अंशांच्या किंचित आधीच, ९९ अंशांवर थोडे चढल्यावर, उकळते. तेही विद्यार्थ्यांना त्याच पातेल्यात दाखविता येईल.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. त्याविरुद्ध जे कारण दिले जाते तेही चुकीचे असते. पाणी फार वेगाने फिरल्याने त्याला निवण्यास वेळ मिळत नाही, असे म्हणतात. परंतु प्रवाह वाढल्याने रेडिएटरचे काम घटत नाही. खरे कारण निराळे आहे. अनेक इंजिनांत पंपाकडे परत जाणारा एक आडमार्ग असतो आणि थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तोच हा आडमार्ग बंद करतो. थर्मोस्टॅट काढला की आडमार्ग कायम उघडा राहतो आणि पुष्कळसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरते. शिवाय हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, डिझेल अधिक जळते आणि सिलिंडरची झीज वाढते.

वॉटर पंपाच्या बाबतीत बाहेरचा आकार जुळला म्हणजे आतले पाते जुळले असे होत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या पंपांचे बोल्ट तेच असतात, पण पात्यांची उंची वेगळी असू शकते. पाते आणि त्यासमोरची भिंत यांच्यामधील फट वाढली की पंप फिरत राहतो आणि पाणी तेथल्या तेथे घुसळले जाते. यासाठी जुना व नवा पंप शेजारी ठेवून पाहणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. गॅसकेटला लावावयाचा गोंद भरमसाट लावला, तर त्याच्या गुठळ्या सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. नव्या धर्तीच्या इंजिनांत एकच लांब पट्टा अनेक चाके फिरवितो. तो एका चाकाच्या चुकीच्या अंगाने ओवला गेला, तर पंप उलटाही फिरू शकतो.

राहता राहिले रेडिएटरचे झाकण. किमतीने सर्वांत क्षुल्लक आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित असा हा भाग आहे. झाकणातील स्प्रिंग यंत्रणेत दाब राखते, आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो. चौरस सेंटिमीटरला ०·९ किलोग्रॅम दाबाचे झाकण असेल, तर साधे पाणीदेखील ११८ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत उकळत नाही. त्याजागी कमी दाबाचे किंवा सैल झाकण बसले, तर इतर सर्व भाग नवे असूनही गाडी उकळते. झाकणावर छापलेला आकडा आणि पुस्तिकेतील आकडा जुळतो की नाही, एवढे पाहणे कोणालाही शक्य आहे.

हे दाबाचे तत्त्व जितके उपयोगी तितकेच धोक्याचे आहे. आतील पाणी ११५ अंशांवर असताना झाकण काढले की दाब नाहीसा होतो आणि दहा लिटर पाण्यातील सुमारे पावणेतीनशे ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते. त्या वाफेचे आकारमान साडेचारशे लिटरांहून अधिक भरते, आणि ती उरलेले उकळते पाणी घेऊनच तोंडावर येते. म्हणून वरचा होजपाइप हाताला सहन होईल इतका निवाल्याशिवाय झाकणास हात लावू नये; फडके धरून काढणे हा काही सुरक्षित उपाय नव्हे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच घातक, कारण हेडला तडा जातो.

पहिल्या तापण्याने केलेली हानी

आता ज्या शक्यतेमुळे सर्वाधिक पैसा वाया जातो, तिच्याकडे वळू. समजा, एका टँकरच्या ट्रॅक्टरचा पट्टा वाटेत तुटला. पुढच्या वस्तीवर लोक पाण्यासाठी थांबलेले असल्यामुळे चालकाने काटा तांबड्यात असतानाही दोन किलोमीटर गाडी तशीच दामटली. नंतर पट्टा बदलला, पंपही बदलला. मूळ दोष गेला. परंतु त्या दोन किलोमीटरांत हेड किंचित वाकले आणि गॅसकेट एका ठिकाणी जळले. आता सिलिंडरमधील जळते वायू दर फेऱ्यास पाण्यात शिरतात, पाणी ढकलून बाहेर काढतात आणि गाडी पुन्हा तापते. यापुढे पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर कितीही बदलले तरी उपयोग होणार नाही. रोग बरा झाला आहे आणि रोगाने केलेली जखम शिल्लक आहे.

तिची लक्षणे ओळखता येतात. थंड इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच, पाणी अजून कोमटही झालेले नसताना, वरचा होजपाइप दाबाने टणक होतो. थंड असतानाच झाकण काढून इंजिन सुरू केले तर तोंडाशी सतत बुडबुडे येतात आणि वेग वाढविला की ते वाढतात. अडकलेल्या हवेचे बुडबुडे काही वेळाने संपतात. हे मात्र संपत नाहीत. कोठेही गळती न दिसता पाणी कमी होत राहते. कधी ऑइल दुधाळ होते, कधी धुराबरोबर पांढरी वाफ दिसते. पण ही दोन्ही लक्षणे नसली म्हणून गॅसकेट शाबूत आहे असे मानू नये. हेड उतरविले तर त्याचा सपाटपणा सरळ पट्टी व फीलर गेज लावून मोजलाच पाहिजे, आणि पुन्हा आवळताना बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळले पाहिजेत. केवळ नवे गॅसकेट वाकड्या हेडखाली बसविले, तर तोच खर्च काही दिवसांनी पुन्हा करावा लागतो.

गॅसकेट शाबूत असूनही तापणे थांबत नसेल तर पाण्याच्या यंत्रणेबाहेर पाहावे. डिझेल सोडण्याची वेळ चुकलेली असणे, चिकटून राहणारे ब्रेक, गच्च भरलेला हवेचा फिल्टर, क्षमतेपेक्षा मोठी टाकी ओढणे, या कारणांनी उष्णतेची जमाच वाढते. खर्चाची बाजू दुरुस्त करून ती भागत नाही.

आपले पाणी आणि आपली धूळ

तापी-गिरणेच्या परिसरातील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड आहे. पातेल्याच्या बुडाशी बसणारी पांढरी खपली प्रत्येक गृहिणीच्या परिचयाची असते. इंजिनाच्या पोटातही तीच बसते. ही खपली उष्णतेला किती अडविते? एक मिलिमीटर जाडीच्या थराचा विरोध पंचवीस मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक जाडीच्या बिडाच्या भिंतीएवढा असतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतचा चालण्यासारखा मानला जातो. माणसाला चालणारे हे पाणी इंजिनाला चालत नाही. बारा लिटरांच्या पहिल्या भरण्यात ६०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ७ ग्रॅमच क्षार येतात. खरी हानी रोजच्या भरतीने होते. वाफ होऊन गेलेले पाणी आपले क्षार मागे ठेवून जाते. रोज दोन लिटर पाणी असे उडत असेल आणि तितकेच भरले जात असेल, तर शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात १२० ग्रॅम क्षार त्या अरुंद वाटांत जमा होतात. अर्थात 'रोज थोडे पाणी लागतेच' हे वाक्य चालकाने सहज उच्चारले, तरी ऐकणाऱ्याने ते सहज घेऊ नये. शुद्ध केलेले पाणी आणि उत्पादकाने सांगितलेले कूलंट यांचे मिश्रण वापरणे हाच यावर मार्ग आहे. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असलेल्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा काही अंशांनी अधिक असतो, पण त्याहून मोठा लाभ गंज रोखण्याचा आहे. निव्वळ कूलंट पाण्याविना भरणे मात्र चूक. ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

जुन्या इंजिनात नवा रेडिएटर बसविताना इंजिनाचे पोट आधी धुऊन घेतले नाही, तर तेथील सुटलेली खपली पंपाबरोबर फिरून नव्या रेडिएटरच्या नळ्यांत अडकते. नवा रेडिएटर अल्पावधीत बुजण्यामागे हे कारण पुष्कळदा असते. नळ्या बुजल्या असल्यास रेडिएटरचा तेवढा भाग इतरांपेक्षा थंड लागतो. तो शोधण्यास दुरून तापमान दाखविणारे यंत्र सोयीचे पडते. परंतु २०२० च्या साथीत शाळांनी व कार्यालयांनी घेतलेली, कपाळासमोर धरावयाची यंत्रे या कामी चालणार नाहीत. ती माणसाच्या शरीराच्या तापमानापुरतीच बनविलेली असतात.

बाहेरच्या अंगाला धूळ, मळणीचा भुसा आणि कापसाच्या हंगामात तंतू साचतात. जिनिंग कारखान्यांत ये-जा करणाऱ्या वाहनांच्या रेडिएटरवर तर अक्षरशः गादी बसलेली आढळते. हवेचा किंवा पाण्याचा झोत पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेस सोडावा. समोरून मारल्यास कचरा अधिक आत रुततो. झोत मंद असावा, नाहीतर पातळ पत्र्या दुमडून हवेची वाट कायमची बंद होते.

कार्यालयाने ठेवावयाची नोंद

वाहनाच्या लॉगबुकात किलोमीटर आणि डिझेल यांच्याबरोबर पाणी किती भरले, हाही रकाना ठेवावा. दुरुस्तीच्या देयकावर नुसते 'वॉटर पंप बदलला' असे न लिहिता तो का बदलला आणि जुन्यात काय दोष आढळला, हे लिहून घ्यावे. सुट्या भागाचा क्रमांक नोंदवावा आणि जुना भाग परत मागावा. पात्याची झीज किंवा थर्मोस्टॅटचा अडकलेला तोंडवळा डोळ्यांनी दिसतो, आणि जुना भाग ठणठणीत निघाला तर दोष अन्यत्र आहे हे त्याच दिवशी समजते. शक्यतो एका वेळी एकच भाग बदलून भरलेल्या टँकरसह दुपारी चाचणी घ्यावी. चार भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कोणत्या भागाने सुधारली हे कधीच कळत नाही.

टँकरच्या बाबतीत एक दक्षता अधिक आहे. बहुतेक कूलंटमध्ये असणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. लहान मुले आणि जनावरे त्याकडे ओढली जातात. ते उघड्यावर, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. कूलंट भरण्याचे नरसाळे, बादली आणि पाइप वेगळ्या रंगाने रंगवून ठेवावेत, आणि ते पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नयेत. कोणी ते प्यायल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि डबा सोबत घ्यावा.